रेड वाइन जेवणासोबत कडू का लागते?

प्रश्न: आम्ही दोघंही शाकाहारी आहोत. घरच्या जेवणाबरोबर रेड वाइन चाखून पाहावी म्हणून कॅबर्ने सोव्हिन्यॉ, शिराज आणि मर्लो अशा तीन स्वस्तातल्या बाटल्या आणल्या. नुसत्या चाखल्या तेव्हा तिन्ही बऱ्या लागल्या. पण परतलेल्या मशरूमबरोबर कॅबर्ने कडू झाली, तिखट वांग्याबरोबर शिराजने तोंड पेटलं आणि भाजलेल्या लाल भोपळ्यासमोर मर्लो पाणचट आणि आंबट वाटली. वाचावं तिथे रेड वाइन म्हणजे मांसाहार असंच लिहिलेलं असतं. चूक स्वस्त वाइनची, की आमच्या जेवणाची? आणि अर्ध्या उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं?

उत्तर: कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन कशी लागली, हे तुम्ही नेमकं लिहिलंत, ते फार बरं केलंत. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते: तिन्ही जेवणांत बिघडलेली गोष्ट वेगवेगळी आहे. मशरूमला मीठ आणि आंबट कमी पडलं, वांग्यात तिखट आणि वाइनमधलं अल्कोहोल एकमेकांना भिडलं, आणि भोपळ्याचा गोडवा मर्लोला झेपला नाही. बाटल्या महाग असत्या तरी हेच झालं असतं. मशरूमच्या बाबतीत तर जास्तच, कारण जपून ठेवण्यासाठी बनवलेल्या महागड्या कॅबर्नेत तुरटपणा बऱ्याचदा अधिकच असतो.

आधी हा तुरटपणा समजून घेऊ. तो द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओक लाकडाच्या पिंपातून येणाऱ्या टॅनिनचा असतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ, हिरड्या रखरखीत होतात. चहा बिनदुधाचा, फार वेळ उकळलेला घेतला किंवा डाळिंबाची साल चावली की होतं तेच. मराठीत सहा रसांत ‘तुरट’ वेगळा मोजलेला आहे आणि चाखताना त्याचा फार उपयोग होतो, कारण अनेकजण तुरट आणि कडू यांची गल्लत करतात. कडू ही चव असते आणि गिळल्यावरही रेंगाळते. तुरट म्हणजे चवीपेक्षा स्पर्श: हिरड्यांवरून जीभ फिरवली तर ती अडखळते. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटाने तोंड कोरडं पडतं. पुढच्या वेळी प्रत्येक घोटाला हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा.

मांसामुळे रेड वाइन मऊ लागते ती त्यातल्या चरबीमुळे, प्रथिनांमुळे, आणि ज्याचा उल्लेख सहसा होत नाही त्या मिठामुळे. मांसाच्या तुकड्यावर मीठ भरपूर चोळलेलं असतं. यातलं काहीही मांसाची मक्तेदारी नाही. चीज, पनीर, लोणी, तेल, मसूर, राजमा, काबुली चणे यांतून ते सगळं मिळतं. शाकाहारी जेवणात बहुधा राहून जातं ते मीठ आणि आंबट यांचं वाइनला मानवणारं प्रमाण.

हे पटण्यासाठी पाच मिनिटांचा प्रयोग करा. ग्लासात 30 मिली कॅबर्ने घ्या. एक घोट घेऊन तुरटपणा, कडूपणा आणि आंबटपणा लक्षात ठेवा. मग लिंबाच्या फोडीवर चिमूटभर मीठ लावून ती चाटा आणि लगेच दुसरा घोट घ्या. वाइन मऊ, फळांच्या चवीची आणि कमी आंबट लागेल. आता पाणी पिऊन मिनिटभर थांबा, चिमूटभर साखर चघळा आणि तिसरा घोट घ्या. तीच वाइन आंबट, किरकोळ आणि कडवट होईल. बाटली तीच, फक्त जीभ आधी कशाने रंगलेली होती ते बदललं. पुढचं सगळं या प्रयोगावर उभं आहे, म्हणून तो वाचून सोडून देऊ नका, खरंच करा.

आता मशरूमकडे येऊ. मशरूममध्ये ग्लुटामेट असतं. त्यातून येते ती उमामी, म्हणजे तोंडात भरून राहणारी खमंग चव. उमामीला मिठाची आणि आंबटाची जोड नसेल तर ती वाइनमधला कडूपणा वर काढते. जुनं, खारवलेलं चीजही ग्लुटामेटने भरलेलं असतं, पण त्यात मीठ इतकं असतं की वाइन बिघडत नाही. तुमच्या मशरूमचं तसं झालं नाही. 400 ग्रॅम मशरूम परतल्यावर निम्म्याच्या आसपास उरतात, त्यामुळे मिठाचा अंदाज शिजलेल्या वजनावर करा: साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे छोट्या चमच्याचा सपाट अर्धा भाग, तोही जरा कमीच. मीठ शेवटी घाला. सुरुवातीला घातलं तर पाणी सुटतं आणि मशरूम परतण्याऐवजी उकडतात. पसरट तवा चांगला तापवा आणि मशरूम एका थरात बसतील इतकेच घाला, नाहीतर दोन खेपा करा. कडा तपकिरी झाल्या की एक मोठा चमचा लोणी, मग मीठ, आणि गॅस बंद केल्यावर एक ते दीड छोटा चमचा लिंबाचा रस. लिंबू वेगळं जाणवू लागलं तर ते जास्त झालं. पदार्थ नुसता जरा तरतरीत लागला पाहिजे. मग तीच कॅबर्ने परत चाखून बघा.

वाळवलेले मशरूम वापरत असाल तर आणखी जपा. वाळवल्याने ही चव कैक पटींनी एकवटते. ज्या पाण्यात ते भिजवले ते सगळं रश्श्यात ओतलं तर मीठ-लिंबूही दीडपट लागतं.

तिखटाचं गणित वेगळं आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं. अल्कोहोलही त्याच चेतातंतूंवर काम करतं आणि त्यांना आणखी हळवं करतं. त्यात शिराज बहुधा 14 ते 15 टक्के अल्कोहोलची असते, वर टॅनिनचा रखरखीतपणा, म्हणजे भाजलेल्या जिभेवर खरखरीत कापड घासल्यासारखं होतं. इथे लिंबू-मीठ फारसं कामी येत नाही. खरे उपाय तीन: मिरची निम्मी करा, 12 ते 12.5 टक्क्यांची कमी टॅनिनची वाइन घ्या, आणि ती 12 ते 14 अंशांपर्यंत थंड करा. वाइनमध्ये किंचित गोडवा असेल तर इथे तो मदतच करतो. फार झणझणीत पदार्थाबरोबर मात्र रेड वाइनचा हट्ट धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यात दोन्हींची चव वाया जाते.

पण शिराज टाकून देऊ नका. त्याच वांग्यात मिरचीऐवजी काळी मिरी वापरा. काळ्या मिरीला तिचा वास देणारा रोटन्डोन नावाचा घटक शिराजमध्येही असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये तो शिराजमध्ये ओळखल्याचं प्रसिद्ध केलं. मिरी जाडसर कुटून शेवटच्या मिनिटाला घाला, फार वेळ शिजली तर सुगंध उडतो आणि झोंबणारा भाग तेवढा उरतो. 500 ग्रॅम वांग्यांना अर्धा छोटा चमचा पुरे. एक लक्षात ठेवा: साधारण पाचांतल्या एकाला रोटन्डोनचा वास येतच नाही. तुमच्यापैकी एकाला शिराजमध्ये मिरी जाणवली आणि दुसऱ्याला नाही, तर दोघंही खरं सांगत असाल.

वांगं स्वतः मात्र रेड वाइनचं चांगलं मित्र आहे. ते तेल पिऊन घेतं आणि ते तेल तुरटपणाची धार बोथट करतं. फक्त साल करपू देऊ नका. करपलेल्या सालीचा कडूपणा आणि वाइनचा कडूपणा यांची सरळ बेरीज होते. हाच नियम अक्रोडाला. त्याच्या पातळ सालीत टॅनिन असतं, म्हणून तुरट वाइनबरोबर द्यायचे तर आधी 8-10 मिनिटं मंद भाजा आणि फडक्यात चोळून जमेल तेवढी साल काढा.

भोपळ्याचं कारण साखरेच्या प्रयोगात तुम्हाला दिसलंच असेल. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन उघडी पडते: फळ गायब, आंबट आणि कडू शिल्लक. भोपळा, गाजर, बीट, रताळं, मंद परतून तपकिरी केलेला कांदा, सगळे याच गटातले. भाजल्याने पाणी उडतं आणि गोडवा आणखी एकवटतो. 500 ग्रॅम भोपळ्याला अर्धा छोटा चमचा मीठ, भाजून झाल्यावर दोन छोटे चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, आणि वरून 50 ग्रॅम खारं चीज कुस्करून, एवढ्याने पारडं फिरतं. ते नको असेल तर वाइन बदला: गरम हवामानात पिकलेल्या द्राक्षांची, फळांच्या चवीची ग्रेनाश किंवा प्रिमितिव्हो घ्या. टोमॅटोच्या रश्श्यात आंबटपणा मारायला साखर घालण्याची सवय असेल तर रेड वाइनच्या दिवशी ती विसरा. तो आंबटपणाच इथे कामाचा आहे.

आता सगळ्यात स्वस्त सुधारणा: तापमान. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा नियम थंड प्रदेशातल्या, उबारा नसलेल्या घरांतून आला. 28 अंशांच्या खोलीत तो पाळला तर अल्कोहोलची वाफ नाकात जाते, फळ मंदावतं आणि वाइन जड, गिळगिळीत लागते. हलक्या रेड वाइनला 13 ते 15 अंश, कॅबर्ने-शिराजसारख्या भरदार वाइनला 16 ते 18 अंश ठीक. 28-30 अंशांची बाटली फ्रिजमध्ये साधारण दोन तासांनी 17-18 अंशांवर येते. अर्ध्या तासाने फारसं काही होत नाही आणि लोक इथेच घाई करतात. बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं भरलेल्या भांड्यात मानेपर्यंत बुडवली तर 10-12 मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घालू नका, काचेला त्याचा स्पर्श कमी होतो. ग्लासात ओतल्यावर वाइन हळूहळू तापतेच, म्हणून एक-दोन अंश जास्त थंड असली तर चालेल. फार थंड झाली तर टॅनिन टोचू लागतं. ग्लास तळव्यांत धरून पाच मिनिटं थांबा.

पुढची बाटली घेताना काय बघावं? पैसा कुठे जातो ते आधी ध्यानात घ्या. नेहमीच्या 225 लिटरच्या ओक पिंपात 750 मिलीच्या 300 बाटल्या मावतात. नवं पिंप महाग, त्यात वर्ष-दीड वर्ष वाइन अडकलेली, ते सगळं किमतीत येतं. स्वस्त वाइन जेव्हा या महागड्या बहिणीची नक्कल करते तेव्हा फसते: ओकच्या चिपा घालून व्हॅनिलाचा वास, थोडी साखर ठेवून मऊपणा. म्हणून स्वस्तात घ्यायची तर ताजी, ओक न लावलेली (म्हणजे ओकच्या पिंपात न ठेवलेली, चिपाही न घातलेली) आणि नक्कल न करणारी घ्या. लेबलवरचं साल एक ते तीन वर्षांमागचं असावं, अल्कोहोल 12 ते 13.5 टक्के असावं. स्क्रू कॅप असेल तर चांगलंच, कारण बुचाच्या दोषाने येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास तिथे जवळपास येतच नाही.

द्राक्षांच्या जाती म्हणाल तर रोजच्या शाकाहारी जेवणाला आमची पहिली पसंती बार्बेराला. इटलीच्या पिएमाँत भागातली ही जात आंबटपणाने भरपूर आणि टॅनिनने कमी, त्यामुळे टोमॅटो, डाळी, चीज सगळ्यांशी जुळवून घेते. तिच्या खालोखाल गामे, म्हणजे फ्रान्सच्या बोजोलेची द्राक्षं. ही थंड करून प्यायला उत्तम आणि थोड्या तिखटालाही चालते. टोमॅटोच्या आंबट सॉसला सान्जोवेझे, जिची कियान्ती बनते. वाइनचा आंबटपणा पदार्थापेक्षा कमी असेल तर ती सपाट पडते, आणि सान्जोवेझे त्या बाबतीत कमी पडत नाही. ओक न लावलेली, तरुण टेम्प्रानियो भाजलेल्या भाज्यांना आणि राजम्याला छान. पिनो न्वार मशरूमची जुनी सोबतीण आहे, हे खरं. पण तिचं पीक अवघड आणि उत्पादन कमी, त्यामुळे स्वस्तात चांगली पिनो क्वचितच सापडते. तुमचे पैसे बार्बेरावर जास्त सार्थकी लागतील.

ढोबळी मिरची तुमच्याकडे होत असेल तर कॅबर्ने फ्रँक घेऊन बघा. हिरव्या ढोबळीला तिचा वास देणारं पायराझिन या द्राक्षातही असतं. कॅबर्ने सोव्हिन्यॉ आणि मर्लो हे त्याच कुळातले असल्याने त्यांतही ते कमी-अधिक सापडतं. भाजलेल्या ढोबळीबरोबर वाइनमधला हा हिरवट वास खटकत नाही, उलट शोभतो.

दोघांनी घरी चाखायची पद्धत साधी ठेवा. एका वेळी दोन वाइन, तीन पदार्थ, पोटभर जेवणाआधी. प्रत्येकाला दोन ग्लास, प्रत्येकात 50 मिली. ग्लास तोंडाशी निमुळता आणि एकतृतीयांशाहून जास्त न भरलेला, म्हणजे फिरवायला जागा राहते. आधी दोन्ही वाइन नुसत्या चाखा आणि तुरट, आंबट, कडू, फळ यांना 1 ते 5 गुण लिहा. मग पदार्थाचा घास खा, पूर्ण गिळा, आणि तोंडात चव असतानाच घोट घ्या. मध्ये पाणी नको, नाहीतर तुम्ही पदार्थाची नव्हे, पाण्याची जोडी तपासाल. परत गुण लिहा. पुढच्या पदार्थाआधी मात्र पाणी आणि बिनमिठाच्या पावाचा तुकडा घ्या. शेवटी प्रत्येक पदार्थावर दोन थेंब लिंबू आणि चिमूट मीठ घालून तोच घोट पुन्हा घ्या. कोणती जोडी जन्मतः बिघडलेली आणि कोणती फक्त मिठाला अडली, ते इथे कळतं. तिखट पदार्थ सगळ्यांत शेवटी, कारण त्यानंतर जीभ अर्धा तास तरी भरवशाची राहत नाही.

प्रमाणही ठाऊक असू द्या. 13 टक्क्यांच्या 50 मिलीत साधारण 5 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, अख्ख्या बाटलीत सुमारे 77 ग्रॅम. चाखून थुंकायला एक वाडगा जवळ ठेवण्यात काही गैर नाही, व्यवसायाने चाखणारे तेच करतात. त्या संध्याकाळी गाडी चालवायची असेल तर चाखणं दुसऱ्या दिवसावर ढकला.

तुम्ही विचारलं नाहीत, पण शाकाहारी म्हणून हे कळायलाच हवं: वाइन निवळण्यासाठी कधी कधी प्राणिज पदार्थ वापरतात. रेड वाइनचा तुरटपणा कमी करायला अंड्यातला पांढरा भाग ही जुनी रीत, शिवाय जिलेटिन, दुधातलं केसीन, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासूनचं इझिंग्लास. ते तळाशी बसतात आणि काढून टाकले जातात, पण अनेक शाकाहाऱ्यांना ते मान्य नसतं. बेंटोनाइट ही माती, वाटाण्याचं किंवा बटाट्याचं प्रथिन हे पर्याय आज सर्रास वापरले जातात. युरोपीय संघात 2012 पासून अंडं किंवा दुधाचा अंश उरला असेल तर लेबलवर लिहावं लागतं. जिलेटिन आणि इझिंग्लास तसं लिहावं लागत नाही. म्हणून ‘शाकाहारी’ असा शब्द किंवा व्हीगन चिन्ह शोधा, नाहीतर उत्पादकाला थेट विचारा. ‘न निवळलेली’ असं लिहिलेली वाइनही चालेल. तिच्या तळाशी गाळ असू शकतो, तेव्हा हळू ओता.

राहिल्या तुमच्या अर्ध्या बाटल्या. वाइनला बिघडवते ती बाटलीतली मोकळी हवा, आणि उष्णता ते काम वेगाने करते. बूच लावून उभी फ्रिजमध्ये ठेवली तर हलकी रेड वाइन दोन-तीन दिवस, भरदार तीन ते पाच दिवस टिकते. अर्धीच पिणार हे आधीच ठाऊक असेल तर उघडल्याबरोबर 375 मिलीच्या स्वच्छ स्क्रू कॅपच्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर बघायला नको. रोज एकच ग्लास लागत असेल तर पिशवी आणि तोटी असलेला तीन लिटरचा खोका परवडतो. वाइन कमी होते तशी पिशवी आकसते, हवा आत जात नाही, आणि उघडल्यानंतरही चार ते सहा आठवडे काम भागतं.

तुमच्या आत्ताच्या तीन बाटल्या आधी हुंगून बघा. व्हिनेगरचा किंवा नखांचा रंग काढायच्या द्रावणाचा वास येत असेल तर ती प्यायला नको. विझलेल्या आगकाडीसारखा वास असेल तर घाबरू नका, मगात ओतून दोन-चारदा वरखाली केली की तो बहुधा उडतो. कॅबर्ने चांगली असेल तर 200 ग्रॅम अख्खा मसूर शिजवताना त्यातली 150 मिली कांदा-लसूण परतल्यावर घाला, निम्मी आटू द्या आणि मगच पाणी ओता. आधीच पाणी घातलं तर अल्कोहोलचा कच्चा वास राहतो. मसूर मऊ झाला की मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस घाला, आणि त्याच कॅबर्नेचा उरलेला ग्लास 17 अंशांवर आणून शेजारी ठेवा.